जगाचं कालवण, आपल्या चुलीवर

आरोग्य पान



हल्ली घरोघरी मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहिले जातात. पुण्या-मुंबईला शिकायला किंवा कामाला गेलेली पोरं सुट्टीत गावी आली की आईला म्हणतात, ‘आज थाई करी कर’, ‘जपानी करी कर’. कुणी येताना तयार मसाल्याचं पाकीटही घेऊन येतं. केनवडमध्ये बायांच्या बैठकीत आम्हाला हा प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. ही परदेशी करी आपल्याला जमेल का? परवडेल का? आणि तब्येतीला बरी का?

उत्तर असं आहे की जमेल, परवडेल, आणि नीट केली तर आपल्या रोजच्या पातळ रश्श्यापेक्षा अंगाला जास्त लागेल. त्यासाठी महागाचं पाकीट नको, नारळाच्या दुधाचा डबा नको. रिसोड तालुक्याच्या रानात जे पिकतं, म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, ज्वारी, तीळ, जवस, त्यावरच हे सगळं होतं. पण आधी करी म्हणजे काय ते समजून घेऊ.

करी हा शब्द कुठून आला?

आपण घरात ‘करी’ म्हणत नाही. आपण कालवण म्हणतो, रस्सा म्हणतो, वरण, आमटी, पिठलं, उसळ म्हणतो. ‘करी’ हा शब्द तमिळमधल्या ‘कऱि’ शब्दापासून आला असं मानतात. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि ‘कारील’ केला. गोव्यात आजही तो शब्द चालतो. पुढे इंग्रजांनी त्याचं ‘करी’ केलं आणि हिंदुस्थानातल्या शेकडो वेगवेगळ्या कालवणांना एकच नाव चिकटवलं. इंग्लंडमध्ये १७४७ साली छापलेल्या हॅना ग्लास या बाईच्या पाककृतींच्या पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती आहे. १८१० साली दीन महोमेद या बिहारमधून गेलेल्या माणसाने लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं उपाहारगृह काढलं. आपल्याकडे प्रत्येक घराचा मसाला निराळा असतो. तिकडे मात्र सगळ्यांना सोपं जावं म्हणून एकच तयार भुकटी निघाली. तीच करी पावडर.

आता उलट बाजू बघा. ज्याला आपण ‘अस्सल गावरान रस्सा’ म्हणतो, त्यात मिरची असते, शेंगदाण्याचा कूट असतो, टोमॅटो आणि बटाटा असतो. ही चारही पिकं मुळात अमेरिका खंडातली. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी, पिंपळी, आलं वापरत. म्हणजे परदेशी वाण आपल्या चुलीवर शिजायला लागून चार-पाचशे वर्षं झाली. त्यामुळे ‘हे आपलं नाही’ म्हणून घाबरायचं काही कारण नाही.

मजुरांसोबत गेलेलं कालवण

करी जगभर नेली ती नुसत्या साहेबांनी नाही. ती मजुरांनी नेली. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. मग हिंदुस्थानातल्या गरिबांना करारावर बोटीत बसवून नेलं. १८३४ पासून मॉरिशसला, १८४५ पासून त्रिनिदादला, १८६० पासून दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांताला. एकट्या मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली. पोर्ट लुई बंदरातल्या ज्या घाटावर ती उतरली, तो अप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांमध्ये कोकणातले आणि पश्चिम महाराष्ट्रातले मराठी लोक होते. त्यांची पणतवंडं आज तिथे आहेत आणि तिथल्या शाळांमध्ये मराठी विषय शिकवला जातो.

या मजुरांना करारात शिधा ठरलेला असे. तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल-तूप, खारी मासळी. त्यातूनच तिथलं जेवण तयार झालं. आज मॉरिशसमध्ये रस्त्यावर सगळ्यात जास्त खपते ती ‘धोल पुरी’. शिजवलेल्या हरभरा डाळीचं हळद-जिरं घातलेलं सारण भरलेली पातळ पोळी, आणि तिच्यासोबत मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची करी. दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहरात पावाचा मधला गर काढून त्यात करी भरून देतात. त्याला ‘बनी चाऊ’ म्हणतात. त्यातही घेवड्याच्या दाण्यांची करी असते. त्रिनिदादमध्ये छोल्यांची करी दोन मऊ पुऱ्यांमध्ये घालून न्याहारीला खातात.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मळ्यात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या या करीत दाणा आहे. डाळ, घेवडा, छोले. ती नुसता लाल रस्सा नाही. आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा हाच आहे.

आपल्या वाटीत काय असतं?

आम्ही गृहभेटीला जातो तेव्हा बाईला विचारतो, ‘काल काय जेवलात?’ उत्तर येतं, ‘भाजी-भाकर.’ मग पुढचा प्रश्न विचारावा लागतो, ‘भाजीतल्या किती फोडी ताटात आल्या? डाळ घट्ट होती की पातळ?’ तेव्हा खरं कळतं. सहा माणसांच्या घरात वाटीभर डाळीचं गंजभर वरण झालेलं असतं. चार पाहुणे आले की त्यातच तांब्याभर पाणी वाढतं. मटणाच्या रश्श्यातल्या फोडी आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात. बाई शेवटी बसते आणि तर्रीत भाकर कुस्करून खाते. पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही.

हे हिशोबात मांडून बघू. वाटीभर तूरडाळ म्हणजे साधारण १५० ग्रॅम. सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला २५ ग्रॅम आली. त्यातून मिळालेली प्रथिनं पाच-साडेपाच ग्रॅम. तीन मोठ्या भाकरींना सव्वादोनशे ग्रॅम पीठ लागलं, तर त्यातून बावीस ग्रॅमच्या आसपास. एकूण झाली सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. दुसऱ्या वेळचं जेवण धडपणे झालं नाही, तर ही तूट रोजची होते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर याहून जास्त लागतात.

रक्ताचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या जवळ होतं. म्हणजे दहातली सात मुलं. चक्कर येणं, धाप लागणं, पोरगं अभ्यासात लक्ष न देणं, बाळंतपणात जीव धोक्यात येणं, यातल्या कितीतरी गोष्टींची मुळं इथे आहेत.

वाशीम जिल्हा सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा आहे. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीच्या दीडपटीहून जास्त. पण ते निघालं की थेट बाजार समितीत जातं. घरात त्याचं तेल पिशवीतून परत येतं, दाणा येत नाही. जपान, चीन, इंडोनेशिया इथली माणसं शेकडो वर्षं सोयाबीन रोजच्या जेवणात खात आली आहेत.

गरिबाने रस्सा घट्ट करायच्या युक्त्या आपल्याकडेही होत्याच. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्यापिण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात केली आहे. ज्यांना तूप, दूध, खोबरं, महागाचे मसाले मिळाले नाहीत, त्यांनी भाजलेल्या धान्याचं आणि डाळीचं येसर करून कालवणाला दाटपणा आणला. हे ज्ञान कमी दर्जाचं नाही. जगातल्या नावाजलेल्या कऱ्या याच युक्तीवर उभ्या आहेत.

कुठलीही करी पाच गोष्टींची

जगातली कुठलीही करी उलगडून बघितली की तिच्यात पाच गोष्टी सापडतात.

पहिली, दाणा किंवा फोड. डाळ, कडधान्य, सोयाबीन, अंडी, मासे, मटण, भाज्या. अंगाला लागतं ते हेच.

दुसरी, दाटपणा. किनाऱ्यावरचे लोक, म्हणजे गोवा, श्रीलंका, थायलंड, नारळ वापरतात. पश्चिम आफ्रिकेत शेंगदाणा वापरतात. इथिओपिया आणि म्यानमारमध्ये हरभऱ्याचं पीठ, तर जपानमध्ये गव्हाचं. आपल्याकडे यातलं नारळ सोडून सगळं आहे. नारळाच्या जागी तीळ, जवस किंवा शेंगदाणा चालतो.

तिसरी, आंबट. चिंच, लिंबू, टोमॅटो, अंबाडी, आमसूल.

चौथी, वास आणि तिखट. कांदा, लसूण, आलं, धने, जिरं, मेथी, हळद, मिरची, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर.

पाचवी, तेल आणि मीठ. ही दोन मापात ठेवायची.

हे पाच खाने ध्यानात ठेवले की कोणत्याही देशाची कृती आपल्या सामानात बसवता येते. खाली चार कृती दिल्या आहेत. प्रत्येक कृती सहा माणसांची आहे.

१. इथिओपियाचा शिरो : पिठल्याचा आफ्रिकेतला भाऊ

आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात शिरो हे गरिबाचं रोजचं जेवण. भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा वाटाण्याचं मसालेदार पीठ पाण्यात शिजवून ते आंबवलेल्या मोठ्या धिरड्यासोबत खातात. आपलं पिठलं आणि शिरो यांत फरक दोनच. तिथे कांदा आधी तेलाशिवाय परततात, आणि पीठ बराच वेळ मंद आचेवर शिजवतात.

तीन कांदे अगदी बारीक चिरा. कढईत तेल न घालता मंद आचेवर परता. चिकटायला लागला की चमचाभर पाणी शिंपडा. दहा-बारा मिनिटांत कांदा मऊ आणि तांबूस होतो. आता तीन चहाचे चमचे तेल, ठेचलेलं लसूण-आलं, चमचाभर तिखट, अर्धा चमचा धनेपूड, चिमूट मेथीपूड आणि ओवा घाला. एक टोमॅटो चिरून घाला. चार-पाच वाट्या पाणी घालून उकळी आणा. दीड वाटी बेसन कोरडं भाजून थंड पाण्यात कालवून ठेवलेलं असू द्या. ते हळूहळू ओता आणि ढवळत राहा. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं मंद शिजू द्या. मीठ शेवटी घाला.

हरभरा दळायला नेताना एक किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम चांगलं भाजलेलं सोयाबीन मिसळलं तर चव बिघडत नाही आणि ताकद वाढते.

२. पश्चिम आफ्रिकेची शेंगदाण्याची करी

सेनेगल, माली या देशांत तिला ‘माफे’ म्हणतात. तिकडे त्यात बहुतेक मांस घालतात आणि भातावर किंवा बाजरीसारख्या धान्यावर वाढतात. आपण ती भाज्यांची करू.

वाटीभर शेंगदाणे भाजून, सोलून बारीक कुटा आणि पाणी घालून पातळ वाटण करा. दोन चहाचे चमचे तेलात कांदा, लसूण, आलं परता. तीन टोमॅटो घालून मऊ होऊ द्या. पाव किलो रताळं किंवा लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी, हिरव्या मिरच्या आणि चार वाट्या पाणी घालून शिजवा. फोडी अर्ध्या शिजल्या की वाटण घाला. मंद आचेवर पंधरा मिनिटांत शेंगदाण्याचं स्वतःचं तेल वर येतं, म्हणून वरून तर्रीसाठी तेल लागत नाही. उतरवण्याआधी दोन मुठी शेवग्याचा पाला किंवा पालक घाला. बाजरीच्या किंवा ज्वारीच्या भाकरीसोबत उत्तम लागते.

शेंगदाणे निवडून घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट, बुरशी आलेले दाणे फेकून द्या. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजून ते पूर्ण जात नाही. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा शेंगदाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. कूट किंवा वाटण द्या. शेंगदाण्याने कुणाच्या अंगावर गांधी येत असतील, ओठ सुजत असतील, तर त्या माणसाने ही करी खाऊच नये.

३. म्यानमारची अंबाडी

अंबाडीची भाजी आपली. म्यानमारमध्येही याच जातीचा आंबट पाला घरोघर खातात. कांदा, लसूण, हळद, मिरची तेलात परतून त्यात पाला मऊ करतात आणि सुकी कोळंबी घालतात. कधी बांबूचे कोवळे कोंबही घालतात.

आपण असं करू. अंबाडीची मोठी जुडी निवडून, धुऊन, चिरून घ्या. मूठभर जवळा किंवा सुकट कोरडा भाजून, दोन पाण्यांनी धुऊन ठेवा. खारवलेल्या सुकटात मीठ असतं, ते धुतल्याने कमी होतं. तीन चमचे तेलात दोन कांदे, भरपूर लसूण, हळद, मिरची परता. सुकट घाला, मग पाला घाला. पाला मऊ झाला की वाटीभर तूरडाळ किंवा मूगडाळ शिजवून घोटलेली त्यात मिसळा. डाळ ही आपली भर आहे, त्याने कालवण होतं आणि आंबटपणा बेताचा राहतो. सुकट खात नसाल तर भाजलेल्या तिळाचा कूट घाला.

ही भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटपणामुळे कढईतलं थोडं लोह अन्नात उतरतं. ते अंगाला उपयोगी पडतं. मात्र शिजली की स्टीलच्या भांड्यात काढून ठेवा, नाहीतर काळी पडते आणि चव उतरते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट पदार्थ शिजवू नका.

४. जपानी पद्धतीची सोयाबीन करी

जपानमध्ये करी पोचली ती इंग्रजांकडून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून ती दाट, मवाळ आणि पिठाची असते. त्यात बटाटा, गाजर, कांदा आणि बहुतेक मांस. पुढे १९२७ साली तोक्योतल्या नाकामुराया या दुकानाच्या उपाहारगृहात हिंदुस्थानी पद्धतीची करी सुरू झाली. ती शिकवणारा माणूस होता इंग्रज सरकारपासून जीव वाचवून जपानला गेलेला क्रांतिकारक रासबिहारी बोस. आज जपानमध्ये घरोघर, शाळांच्या जेवणातही करी-भात असतो.

वाटीभर सोयाबीन रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या, दाणे चोळून जमेल तेवढी सालं काढा. नव्या पाण्यात कुकरला लावून, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. दाणा बोटाने सहज चिरडला पाहिजे. वेगळ्या कढईत दोन मोठे चमचे गव्हाचं पीठ तीन-चार चहाचे चमचे तेलात मंद आचेवर तांबूस भाजा, त्यात दोन चमचे धने-जिरं-हळद-मेथी-मिरीची घरची पूड घाला आणि उतरवून ठेवा. दोन मोठे कांदे, तीन गाजरं, दोन बटाटे यांच्या मोठ्या फोडी पाण्यात शिजवा. त्यात सोयाबीन घाला. भाजलेलं पीठ गरम पाण्यात कालवून ओता, दहा मिनिटं उकळू द्या. गोडसर चवीसाठी तिकडे सफरचंद किसून घालतात. आपण लाल भोपळा किसून घालू. तिखट कमी असल्याने लहान मुलं आवडीने खातात.

सोयाबीन कच्चं किंवा अर्धकच्चं कधी खाऊ नका. त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. भिजवून आणि पूर्ण शिजवून ते निकामी होतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीनचं जेवण यांत चार तासांचं अंतर ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

पाकीट घ्यायचं तर काय वाचायचं?

तयार करीची वडी किंवा पाकीट वाईटच असं आम्ही म्हणत नाही. पण पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. तिथे मीठ ‘सोडियम’ म्हणून लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, चटणी, फरसाण सगळं आलं. हे ५ ग्रॅम मीठ म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. पाकिटाच्या एका वाढपात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर एका वाटीतच दोन ग्रॅम मीठ पोटात गेलं. पाकीट वापरलं तर वरून मीठ घालू नका. घरात रक्तदाबाचा माणूस असेल तर घरची पूडच बरी.

तेलाचंही माप ठेवा. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास तेल पुरतं, म्हणजे चार चहाचे चमचे. शेतात राबणाऱ्या माणसाला थोडं जास्त लागतं. घरात महिन्याला किती तेल संपतं ते माणसांच्या संख्येने भागून बघा. माणशी अर्धा-पाऊण लिटरच्या वर गेलं तर तर्री जास्त होते आहे. वरच्या चार कृतींमध्ये सहा जणांना दोन ते चार चमचे तेल लागलं, आणि दाटपणा दाण्याने आला. तळणाचं काळं पडलेलं तेल फोडणीला पुन्हा पुन्हा वापरू नका.

रक्त कमी असेल तर

पालेभाजी, कडधान्य, बाजरी यांतलं लोह अंगात शोषलं जायला लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो यांची मदत लागते. त्यांतलं जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं, म्हणून लिंबू ताटात वाढल्यावर पिळा, कढईत नको. जेवणाला लागून चहा पिऊ नका, पुढे-मागे एक तास जाऊ द्या. चहामुळे लोह अंगात कमी शोषलं जातं.

पण एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. रक्त कमी म्हटलं की स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, आधी तपासणी करा. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे, आणि आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही तो आढळतो. त्यात रक्त कमी असतं, पण कारण वेगळं असतं. अशा रुग्णाने लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तरच घ्यायची. त्याने भरपूर पाणी प्यावं, हिरवा पाला खावा, वेळेवर औषध घ्यावं. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे आणि त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडच्या मुला-मुलीची ही तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाने डाळ, सोयाबीन, शेंगदाणा किती खायचा ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

वाढताना

कृती कुठल्याही देशाची असो, पातेल्यातली पळी तळापासून फिरवून वाढली पाहिजे. वरवरचा रस्सा एकाला आणि तळातल्या फोडी दुसऱ्याला, असं होता कामा नये. आम्ही बैठकीत बायांना एक सोपी रीत सांगतो. जेवायला बसण्याआधीच घरात जितकी माणसं तितक्या वाट्या मांडा आणि डाळ-फोडी सगळ्यांत सारख्या वाटून ठेवा. स्वयंपाक करणारीची वाटी त्यात पहिल्यापासून असू द्या. गरोदर बाईच्या आणि वयात येणाऱ्या मुलीच्या वाटीत एक पळी जास्त घाला. पाहुणे आले तर पाणी वाढवण्याऐवजी मूठभर बेसन भाजून लावा किंवा दाण्याचा कूट घाला.

येत्या हंगामात सोयाबीन विकायला नेताना एक पायली घरात ठेवा. तुरीची डाळ घरच्यासाठी आधी काढा, मग विका. घरातल्या बायांनी आणि वयात आलेल्या मुलींनी आपल्या उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या वर हवं, गरोदर बाईचं ११ च्या वर. आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. तीन महिने घट्ट कालवण, पाला आणि लिंबू नेमाने खा, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्याही न चुकता घ्या, आणि मग पुन्हा तपासा. दोन्ही आकडे घेऊन पुढच्या बैठकीला या.